बांडगूळ नाही ते

आमच्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाडांची छाटणी होते, पावसाळ्याआधीची. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आम्ही, त्यामुळे झाडं भरपूर आहेत आणि छाटणीवरून भांडणंही भरपूर आहेत. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी मी सकाळी दूध घेऊन येत होते आणि मागच्या बाजूच्या जुन्या आंब्याची एक आडवी फांदी धाडकन खाली आली. फांदी आली त्याचं फार काही वाटलं नाही, ती तशीही गच्चीला टेकायला लागली होती. पण तिच्यावर काहीतरी होतं, पट्ट्यासारखी जाड हिरवी पानं, दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली, पांढुरक्या दोऱ्यांसारखी मुळं फांदीला गच्च धरून बसलेली, आणि पानांच्या बेचक्यातून निघालेली एक दांडी, तिच्यावर पाच फुलं.

मी खाली वाकले तेवढ्यात वर चढलेला माणूस ओरडला, "ताई, सोडा ते, बांडगूळ आहे. झाड खातं."

त्याचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. त्याच्या दृष्टीने त्याने झाडावर उपकारच केले होते. मी पिशवी खाली ठेवली, दुधाची, आणि तिथेच फांदीपाशी बसले, कारण ते फूल मला ओळखीचं होतं पण इतक्या जवळून मी ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. वीस वर्षं ते झाड माझ्या खिडकीतून दिसतंय. वीस वर्षं!

आधी ते फूल कसं होतं ते सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यापासून सुरू झालं. साधारण दोन बोटं रुंद. पाच पाकळ्या, कडा थोड्या लाटेसारख्या वळलेल्या, पाठीमागून पांढऱ्या आणि पुढून पिवळट हिरव्या, आणि त्यावर तपकिरी रंगाची जाळी, अगदी जुन्या चाळीतल्या फरशीवर चौकटी असायच्या ना तशी. मध्ये एक ओठ, तो मात्र निळा-जांभळा, असा की बाकीच्या फुलाशी त्याचा काही संबंध नाही असं वाटावं. आणि वास. वास गोड होता पण मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही, जरा थांबून घ्यावा लागत होता. रस्त्यावर पडलेल्या फांदीवर ही पाच फुलं जशीच्या तशी होती, एकही चुरगळलं नव्हतं.

हे व्हॅंडा टेसेलाटा. आपल्या मुंबईत, ठाण्यात, कोकणात जुन्या आंब्यांवर दिसणारं जंगली ऑर्किड. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात, पण खरं सांगायचं तर हा शब्द पुस्तकातच जास्त भेटतो, रस्त्यावर विचारलंत तर झाडावर उगवलेल्या कुठल्याही परक्या हिरव्या गोष्टीला लोक बांडगूळच म्हणतात.

खरं बांडगूळ वेगळं असतं आणि तेही तसं वाईट नाही, पण त्याचा स्वभाव वेगळा. त्याचं फळ फुलटोचा नावाचा इवलासा पक्षी खातो, चिकट बी फांदीला लागतं, आणि मग ते बी फांदीच्या आतच घुसतं, सालीतून थेट लाकडापर्यंत, आणि झाडाचं पाणी आणि क्षार स्वतःकडे ओढतं. पानं त्याला स्वतःची असतात, अन्न तेही थोडं बनवतं, पण पाणी दुसऱ्याचं. म्हणून तर आपण माणसालाही बांडगूळ म्हणतो, दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला. ऑर्किड असलं काही करत नाही. तो फांदीवर फक्त बसतो. मुळं सालीच्या वरून पसरतात, आत जात नाहीत, फांदी त्याला फक्त जागा देते, उंची देते, आणि पानांतून गाळून आलेलं ऊन देते.

मी हे त्या दादाला सांगायचा प्रयत्न केला, पण वर मशीन चालू होतं आणि खाली गाड्या काढायची घाई, सोसायटीतले एक काका म्हणाले अहो ताई कचरा उचलू द्या. तर मी फांदीचा तेवढा दीड हाताचा तुकडा मागून घेतला आणि घरी आणला.

घरी आल्यावर एक गोष्ट झाली जी मी पुस्तकात वाचली होती पण पाहिली नव्हती. त्या मुळांवर मी बाटलीने पाणी मारलं. मुळं कोरडी असताना चांदीसारखी पांढुरकी दिसतात, आणि पाणी पडलं की तुमच्या डोळ्यांदेखत हिरवी होतात. अक्षरशः काही क्षणांत. त्याचं कारण असं की मुळाच्या बाहेर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, स्पंजसारखा, कोरडा असताना त्यात हवा असते म्हणून पांढरा दिसतो, पाऊस पडला की तो पाणी शोषून घेतो, पारदर्शक होतो, आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे मुळंसुद्धा हिरवी आहेत, मुळंसुद्धा उन्हात अन्न तयार करतात! आणि पानांची छिद्रं हा दिवसा मिटून घेतो आणि रात्री उघडतो, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये. आठ महिने पाऊस नाही, पायाखाली माती नाही, आणि हा आपला पावसाच्या थेंबावर, फांदीवरच्या धुळीवर आणि कुजलेल्या पानाच्या चुऱ्यावर जगतोय. ह्याला कोण बांडगूळ म्हणेल?

तर उत्तर असं आहे की खूप शहाण्या माणसांनीही म्हटलंय. त्या रात्री मी व्हॅंडा ह्या नावाचा अर्थ शोधायला बसले, मला वाटलं लॅटिन असेल. तर ते निघालं संस्कृत. वन्दा. आणि संस्कृतात वन्दा म्हणजे काय, तर दुसऱ्या झाडावर वाढणारी परजीवी वनस्पती. बांडगूळ! हे नाव युरोपियन वनस्पतिशास्त्रात आणलं सर विल्यम जोन्सने, तो कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज होता, 1784 साली एशियाटिक सोसायटी काढली ती त्यानेच, संस्कृत शिकला आणि फावल्या वेळात झाडं बघायचा. झाडाला त्याचं इथलंच नाव असावं असं त्याचं म्हणणं होतं, मला ते फार आवडलं. 1794 साली तो गेला, आणि हिंदुस्थानातल्या निवडक झाडांवरची त्याची निरीक्षणं पुढच्या वर्षी, 1795 ला, छापून आली, त्यात हे व्हॅंडा आहे. त्याच 1795 मध्ये विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोरोमंडलच्या, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या, वनस्पतींवरच्या आपल्या मोठ्या चित्रग्रंथात ह्याच फुलाला एपिडेंड्रम टेसेलाटम म्हटलं, टेसेला म्हणजे फरशीचा चौकोनी तुकडा, तीच ती पाकळीवरची जाळी. म्हणजे माझ्या मनात चाळीतली फरशी आली तीच त्याच्या मनात आली होती, सव्वादोनशे वर्षांपूर्वी. आणि एपिडेंड्रम म्हणजे ग्रीकमध्ये झाडावरचं.

म्हणजे आमच्या आंब्यावर चढलेल्या त्या दादाने आणि जज जोन्सने त्याच फुलाला एकच नाव दिलं होतं. फरक एवढाच की एकाचं नाव जगभर चालतं.

आणि ह्यावर मी अडकून बसले. कारण जोन्सला वन्दा हा शब्द कोणीतरी सांगितला असणार ना. कोणीतरी फांदी तोडून समोर ठेवली असणार, कोणी पंडिताने शब्द सांगितला असणार, कोणी चढलं असणार. "शोध लागला" असं आपण सरळ लिहितो, अमक्या साली अमक्याने ही जात शोधली, पण ऑर्किडच्या बाबतीत तर हे वाक्य मला पटतच नाही, कारण ही फुलं चाळीस फुटांवर असतात. साहेब खाली उभा असतो. वर चढतो तो दुसराच कोणीतरी.

ह्याला एक फार सुंदर अपवाद आहे आणि तो आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. कोचीनला डचांचं राज्य होतं तेव्हा तिथला गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हेडे, त्याने मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा ग्रंथ करून घेतला, होर्टस मलाबारिकस, 1678 ते 1693 ह्या काळात ॲमस्टरडॅमला छापला. सातशेच्या वर झाडं, मोठी मोठी ताम्रपटावरची चित्रं. आणि त्याने हे सगळं कोणाकडून घेतलं ते त्याने लपवलं नाही. इट्टी अच्युदन नावाचे एळवा समाजातले वैद्य, त्यांनी झाडांची माहिती सांगितली, इमॅन्युएल कार्नेरो नावाच्या दुभाष्याने ती पोर्तुगीजमध्ये घेतली, मग ती लॅटिनमध्ये गेली. आणि त्यांच्यासोबत तीन कोंकणी वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. ह्या तिघांनी आपण हे काम केलं म्हणून एक पत्र लिहून दिलंय, कोंकणीत, नागरी लिपीत, आणि ते पत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. मी त्याचा फोटो मोठा करून करून बघितला. 1678 साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या लॅटिन पुस्तकाच्या पानावर आपली लिपी, वरची आडवी रेघ ओढलेली. अक्षरं सगळी लागत नाहीत, मध्येच एखादा शब्द लागतो आणि अंगावर काटा येतो.

बाराव्या खंडात ऑर्किड्स आहेत. आणि इथे मला एक माहिती मिळाली ती मी कधी विसरणार नाही. ऱ्हेडे 1691 च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेला जहाजाने निघाला होता आणि वाटेत, मुंबईच्या किनाऱ्यासमोर, जहाजावरच वारला. त्याला सुरतेला पुरलं, तिथे डच दफनभूमीत त्याचं भलंमोठं थडगं अजून आहे. बारावा खंड छापून आला 1693 ला. म्हणजे ऑर्किडचं पुस्तक त्याने पूर्ण छापलेलं पाहिलंच नाही. मरीन ड्राइव्हला बसून समुद्राकडे बघताना हे आठवलं की मला कसंतरीच होतं, इथेच कुठेतरी समोर, क्षितिजाच्या आसपास, एक माणूस मेला ज्याच्या हातून आपल्या झाडांची सगळ्यात मोठी वही तयार झाली.

त्या बाराव्या खंडातलं एक ऑर्किड म्हणजे अंजेली मरवारा. डच लोकांनी ऐकलं तसं लिहिलंय. मल्याळममध्ये मरम म्हणजे झाड आणि वाळ म्हणजे केळ, मरवाळ म्हणजे झाडावरची केळ, पानांच्या ठेवणीवरून. आणि अंजिली म्हणजे आपला पाटफणस, रानातला. पाटफणसावरची झाडकेळ! दुसरं एक आहे कांजिरम मरवारा, म्हणजे काजऱ्याच्या झाडावरची. किती साधं आणि किती उपयोगी नाव आहे बघा, नावातच पत्ता आहे, कुठल्या झाडावर शोधायची ते सांगितलंय. जो रोज झाडावर चढतो त्याचंच हे नाव असू शकतं.

अंजेली मरवारा म्हणजे आजचं ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आणि हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच, कारण ती तर आमची सीतेची वेणी.

आईचं माहेर देवरूखजवळ. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे असायचो आणि आजीच्या परड्यात विहिरीजवळ एक जुना फणस होता, त्याच्या खोडावर, माझ्या डोक्याच्या वर दोन हातांवर, सीतेची वेणी यायची. एक फूट, दीड फूट लांबीचा घोस, खाली लोंबणारा, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके असलेली शेकडो फुलं एकमेकांना चिकटून, अगदी विणल्यासारखी. तिचं नाव कोणी दिलं कोणाला माहीत, आजी म्हणायची वनवासात सीतेला गजरा कुठला मिळणार, तर झाडांनीच दिला. मी एकदा ओढायला गेले तर आजीने हात धरला. "अगो, राहू दे. फणसाचा दागिना आहे तो." तिने तिला कधी बांडगूळ म्हटलं नाही. उलट एका वर्षी वादळात दुसऱ्या फणसाची फांदी पडली तेव्हा तिने त्यावरची वेणी काढून काथ्याने ह्या फणसाला बांधली, शेणाचा हात लावला आणि म्हणाली, बसेल. पुढच्या वर्षी बसली होती. आसाममध्ये हेच फूल कोपौ म्हणून बिहूला मुली केसात माळतात, ते तिथलं राज्यफूल आहे, अरुणाचलचंही.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस कधी हिंदुस्थानात आला नाही. 1753 साली त्याने जगातल्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली तेव्हा सीतेच्या वेणीला एपिडेंड्रम रेटुसम म्हटलं, ते ऱ्हेडेच्या पुस्तकातलं चित्र बघून. रेटुस म्हणजे टोक बोथट असलेलं, पानाच्या टोकावरून. म्हणजे पानाचं टोक त्याने चित्रात पाहिलं, वास त्याला आला नाही, आणि वेणी त्याला दिसली नाही असं मी म्हणेन, चित्रात असूनही. नावात केसांचा, गजऱ्याचा, फणसाचा पत्ताच नाही. मी लॅटिन नावांच्या विरोधात नाही, ती लागतातच, नाहीतर देवरूखची आणि गुवाहाटीची बाई एकाच फुलाबद्दल बोलतायत हे कळलंच नसतं. पण नाव बदलताना काहीतरी सांडतं, ते सांडलेलं कोणीतरी उचलून ठेवायला हवं.

मग मुंबईकडे वळले. मुंबईच्या झाडांची पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहमची, 1839 ची, मुंबई आणि आसपास उगवणाऱ्या वनस्पतींचा कॅटलॉग. हा माणूस पोस्टात होता, डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. यादी छापून होत असतानाच तो खंडाळ्याला वारला, वय जेमतेम चौतीस, आणि उरलेलं काम जोसेफ निम्मोने पूर्ण केलं. ऱ्हेडेसारखंच झालं बघा. मग 1861 ला डॅल्झेल आणि गिब्सनचं बॉम्बे फ्लोरा, फ्लोरा म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींची वर्णनासकट नोंद, दोघंही जंगलखात्यातले, गिब्सन तर मूळचा डॉक्टर, 1847 पासून मुंबई इलाख्याच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर, त्याआधीपासून दापोडीची बाग सांभाळायचा. मग थिओडोर कुक, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपल, शिक्षणाने इंजिनियर, त्याचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा 1901 ते 1908. पोस्टातला, डॉक्टर, इंजिनियर. ह्यातल्या कोणाचाच मूळ पेशा फुलांचा नव्हता आणि मला ते फार धीर देणारं वाटतं, मी स्वतः बत्तीस वर्षं बँकेत काढली.

पण माझे आवडते ते नंतरचे, झेव्हियर्स कॉलेजचे फादर. एथेलबर्ट ब्लॅटर, स्विस जेझुइट, त्यांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह, अजून धोबीतलावला कॉलेजात आहे. त्यांच्याबरोबर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्ल्स मॅक्कॅन. ह्या दोघांनी 1932 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये एका हबेनारियाला, तेही एक ऑर्किडच, नाव दिलं, हबेनारिया ग्रॅंडिफ्लोरिफॉर्मिस. नाव उच्चारताना जीभ वळते, पण फूल बघाल तर इतकं साधं. हे झाडावरचं नाही, जमिनीवरचं. पहिला पाऊस चांगला लागला की राजमाचीच्या वाटेवर, खंडाळ्याच्या पठारावर, कातळावरच्या इंचभर मातीत एक गोल पान येतं, एकच, जमिनीला पूर्ण चिकटलेलं, नाण्यासारखं, आणि त्यातून वीतभर दांडी आणि त्यावर दोन-तीन पांढरी फुलं. बाकी वर्षभर ते जमिनीखाली कंद होऊन झोपलेलं असतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ट्रेकला आलेली पोरं त्यावर ताडपत्री टाकून भजी खात होती, त्यांना दाखवलं तर त्यांनी ताडपत्री उचलली, सगळी गुडघ्यावर बसली आणि अर्धा तास मोबाइलने फोटो काढत राहिली. दाखवलं की लोक बघतात. दाखवणारं कोणी नसतं एवढंच.

ब्लॅटरांनंतर फादर सांतापाऊ, स्पेनचे. त्यांनी वर्षानुवर्षं खंडाळा पालथा घातला, खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक 1953 ला आलं, आणि झरीर कपाडियांबरोबर केलेलं मुंबईच्या ऑर्किड्सवरचं पुस्तक 1966 ला. तेव्हाचं मुंबई म्हणजे जुना इलाखा धरून. त्या पुस्तकाची प्रत मी एका लायब्ररीत बसून वाचली, दोन शनिवार.

आणि एकदा एका ओळखीच्या प्राध्यापक बाईंमुळे मला जुनी हर्बेरियम शीट बघायला मिळाली. पांढरा जाड कागद, त्यावर वाळवून दाबून शिवलेलं ऑर्किड, रंग सगळा गेलेला, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. पण मुळं होती. सालीचा एक कपचा अजून धरून ठेवलेला होता त्या मुळांनी, झाड कधीच गेलं असेल, फूल गेलं, मूळ सोडायला तयार नाही. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. मी बाईंना विचारलं, झाडावर चढलं कोण ते कुठे लिहितात? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, तो कॉलम नसतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, नाहीतर मी इतका वेळ ऑर्किडची वकिली करतेय ती अर्धवट राहील. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. माझ्या फांदीवर मागच्या वर्षीची एक सुकलेली शेंग होती, कडांनी उकललेली, मी ती काळ्या कागदावर हलके झटकली तर पिवळसर भुकटी पडली, पंखा चालू होता, अर्धी उडून गेली. एका शेंगेत लाखांनी बिया असू शकतात. आणि एवढ्या का, तर बियांमध्ये शिदोरीच नसते. भाताच्या, चिंचेच्या, फणसाच्या बीला आईने अन्न बांधून दिलेलं असतं, ऑर्किडच्या बीला काहीच नाही. ते रुजण्यासाठी त्याला योग्य बुरशी भेटावी लागते, ती बुरशी बीच्या आत शिरते आणि बी त्या बुरशीकडून अन्न घेऊन वाढतं, पहिलं पान येईपर्यंत. हे 1899 साली नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच माणसाने ओळखलं. त्याआधी युरोपात बागायतदारांनी आपल्याकडची ऑर्किड्स जहाजं भरभरून नेली, पण बी रुजत का नाही हे नीट कोणाला कळत नव्हतं.

म्हणजे बालपणी ऑर्किड दुसऱ्याच्या जिवावरच जगतो. आंब्याच्या नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बुरशीच्या. हे कळल्यावर माझा राग जरा निवळला. वन्दा म्हणणारा अगदीच चुकला नव्हता, त्याने फक्त झाड चुकीचं धरलं. आणि लाखो बियांतली एखादीच रुजते, तिलाही फुलावर यायला काही वर्षं लागतात, हे लक्षात आलं की मग आंब्याची फांदी पाडताना नेमकं काय पडतं ते कळतं. फांदी तीन वर्षांत परत येईल. सालीवरची ती बुरशी, ती जुनी खडबडीत साल, तो कवडसा, हे सगळं एकत्र परत यायला आंब्याला म्हातारं व्हावं लागतं. म्हणून नवीन लावलेल्या झाडांवर ऑर्किड दिसत नाहीत, कितीही झाडं लावा. देशात जंगली ऑर्किडच्या 1256 जाती आहेत अशी बॉटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची नोंद आहे, त्यातल्या बऱ्याच फक्त आपल्याच देशात, आणि सह्याद्रीत त्यांचा मोठा वाटा. काहींचं सगळं जग म्हणजे दोन-चार डोंगर.

माझ्या फांदीचं काय केलं ते राहिलंच. कुंडीत लावायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू, बाल्कनीत टांगायची जागाही ठरवली होती. पण आजीचा काथ्या आठवला. जूनच्या पहिल्या पावसानंतर वॉचमनकाकांनी शिडी धरली, मी चढले, साठीच्या जवळ आलेली बाई, खाली दोन-तीन जणी उभ्या राहून जपून जपून म्हणत होत्या, आणि त्याच आंब्याच्या पूर्वेकडच्या जाड फांदीवर, बेचक्यात, सुतळीने बांधून टाकलं. शेण मिळालं नाही. सुतळी दिवाळीपर्यंत कुजून गेली, पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये, दुर्बिणीतून दिसलं की मुळाला नवीन टोक फुटलंय, हिरवंगार, आणि ते सालीवर वाकलंय.

गेल्या मेमध्ये परत छाटणी आली. माणूस तोच होता. मी खाली जाईपर्यंत तो वर गेलेला होता आणि माझ्या पोटात गोळा आला, पण मशीन बंद होतं. वरूनच त्याने हाक मारली, "ताई, ते तुमचं बांडगूळ आहे ना, त्याला फुलं आलीयेत. ही फांदी ठेवतो." आणि मग, जरा वेळाने, "वास येतोय हो."

तो खाली उतरला तेव्हा मी चहा दिला. त्याचं गाव जव्हारकडे, लहानपणी जनावरांमागे जाताना मोहाच्या झाडांवर असली पानं पाहिल्याचं म्हणाला, फूल मात्र हातभर अंतरावरून आजच पाहिलं. पाकळीवरच्या चौकटी त्याच्याही लक्षात आल्या होत्या, म्हणाला लुगड्यासारख्या आहेत, आईच्या. मी त्याला मुळांचं सांगितलं, आत जात नाहीत ते, त्याने मान डोलावली, म्हणाला हो, ते दिसलं, नख घालून बघितलं मी.

मग मी त्याचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव पुन्हा नीट विचारलं, आणि वर येऊन वहीत लिहिलं. 23 मे. बोरिवली पूर्व. आंबा, पूर्वेकडची फांदी. व्हॅंडा टेसेलाटा, फुलं सात, वास आहे. आणि त्याखाली एक ओळ जास्तीची ओढली, झाडावर चढून बघितलं त्याचं नाव.